हात मोकळा करताना

बटण दाबलं तसा आत पंखा घरघरला, हिरवा दिवा लागला आणि पुढे काहीच झालं नाही. भोजराज पडद्याकडे पाहत बसून राहिला. उभी नोकरी गोंदिया स्टेशनच्या पार्सल ऑफिसात काढलेला माणूस; गाडी कितीही लेट होवो, कपाळावर आठी पडायची नाही. त्याला कॉम्प्युटरने थोडं बसवून ठेवलं तर बिघडलं कुठे? पण पडदा काळाच राहिला आणि त्या काळ्यात त्याचं स्वतःचं तोंड तेवढं दिसायला लागलं, दाढी वाढलेलं, थोडं बावळट. त्याने बटण पुन्हा दाबलं. या खेपेला आतून टक, टक, टक असं ऐकू आलं, कुणी नखाने पत्र्याचा डबा वाजवावा तसं. मग तेही थांबलं.

सकाळी हैदराबादहून रश्मीचा फोन आला होता. "बाबा, आईचा तो दरेकशाचा व्हिडिओ पाठवा ना. माझ्या मोबाइलमधला उडाला. आईच्या कॉम्प्युटरात आहे पाहा, तिनंच टाकून ठेवला होता. त्यात तिचा आवाज आहे." त्याने "पाठवतो" म्हटलं, फोन ठेवला, भांडी घासली, आणि ताट पुसता पुसता त्याचा हात थांबला. आवाज. त्याने रंजिताचा आवाज आठवून पाहिला आणि तो आठवेना. ती गेली फेब्रुवारीत, दुपारी डोकं दुखतं म्हणून आडवी झाली आणि दवाखान्यात पोचेपर्यंत संपली. आता दिवाळी होऊन गेली होती, राइस मिला सुरू झाल्या होत्या. एवढ्यात आवाज जातो कसा? शब्द सगळे जागच्या जागी होते. घरात तिच्या तोंडी त्याचं नाव एकच, का जी. का जी, येऊन राहिले का. का जी, चाय मांडू का. पण आठवताना ते शब्द त्याच्याच आवाजात यायचे, घोगरे, पार्सल ऑफिसातले. शेजारच्या जमुनाबाईचा खोकला त्याला आठवत होता, स्टेशनवरच्या गाड्यांची घोषणा करणारी बाई अगदी श्वासासकट आठवत होती. बायकोचा आवाज तेवढा गेला होता. दरेकशाला ते दोघं एकदाच गेले, पॅसेंजरने, कचारगडची गुहा पाहायला. गुहेपर्यंत पोचलेच नाहीत. उतरल्या उतरल्या तिचे गुडघे कुरकुरायला लागले, म्हणून स्टेशनातच बाकावर बसून डबा खाल्ला, समोरचा डोंगर पाहिला आणि परतीची गाडी धरली. त्याने गंमत म्हणून मोबाइल तिच्यापुढे धरला होता तेव्हा ती काहीतरी बोलली होती. काय, ते त्याला आठवत नव्हतं. तेव्हा त्याने ऐकलंच नव्हतं बहुतेक, बटण कुठलं दाबायचं ते पाहत होता.

कॉम्प्युटरचा डबा त्याने तिच्याच जुन्या चादरीत गुंडाळला आणि ऑटोत मांडीवर घेऊन बसला. दवाखान्यात तिला नेताना तिचं डोकं असंच मांडीवर होतं, हे त्याला मधेच आठवलं आणि तो उगाच बाहेरच्या पाट्या वाचायला लागला. बाजारातल्या गल्लीत गुड्डूचं दुकान, वर टिनाची पाटी, आत उघडे पडलेले लॅपटॉप. गुड्डू चाळिशीतला, तोंडात तंबाखूचा खर्रा, कपाळावर चढवलेला चष्मा. त्याने स्क्रू काढले, झाकण उघडलं आणि मागे सरकला. आत बोटभर पिवळट करडी भुकटी साचली होती, धानाच्या कोंड्याची, आणि वर मिलच्या धुराड्यातून पडणारी काळी राख. "अंकल, ये कंप्यूटर है कि राइस मिल?" गुड्डू हसला. भोजराजला हसू आलं नाही. घर मिलच्या अंगाला. रंजिता रोज सकाळी सारं पुसून काढायची, अंगण, खिडकीचे गज, कॉम्प्युटरचं वरचं अंग. आतलं तिला कुठून दिसणार! तिच्या मागे त्याने वरून प्लास्टिकचं कव्हर घातलं होतं आणि रोज ते कव्हर तेवढं झटकत होता. गुड्डूने ब्रशने भुकटी झाडली, हार्ड डिस्क काढली, कानाशी धरली. "डिस्क बैठ गई है. सीधी नहीं खुलेगी, खुरच-खुरच के निकालना पड़ेगा. क्या चाहिए इसमें से?"

"एक व्हिडिओ आहे. माझ्या मिसेसचा."

"बस एक? बाकी?"

"बाकी लोकांचं काम आहे. अर्ज, प्रतिज्ञापत्र. ती टायपिंग करे."

"करती थी?" गुड्डूने चष्मा खाली ओढला, त्याच्याकडे नीट पाहिलं आणि खर्रा थुंकून आला. "देखता हूँ. पर एक बात बोल देता हूँ अंकल, इसमें फाइल का नाम नहीं बचता. माल निकलता है, नाम उड़ जाता है. एक-एक खोल के देखना पड़ेगा. परसों आओ."

घरी आला तर पुढच्या खोलीत टेबलावर डब्याच्या जागी चौकोनी स्वच्छ डाग होता, भोवती राख. पडदा होता, कीबोर्ड होता, त्याची तार टेबलाखाली लोंबत होती. वर भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेबांच्या तसबिरी, त्यांच्या शेजारी आता रंजिताची, हार घातलेली. फोटोत ती ओठ मिटून बसली होती. फोटोवाल्याने "हसा ना बाई" म्हटलं की तिचे ओठ हटकून मिटायचे. भोजराज खुर्चीत बसला, तिच्या खुर्चीत, आणि त्याला जाणवलं की एवढ्या वर्षांत तो या खुर्चीत कधी बसलाच नव्हता. त्याची जागा दाराजवळच्या पलंगावर, वर्तमानपत्र घेऊन. तिथून ती पाठमोरी दिसायची, अंबाडा, मानेवरचा घाम, आणि बोटांचा टपटप आवाज. ड्युटीवरून आलं की ती मागे न वळता विचारायची, चाय मांडू का. तो काही बोलायचा नाही. त्यात बोलायचं काय? पेपर थोडा खाली व्हायचा, ती उठायची, आणि चहा व्हायचा. भांडण असं त्यांचं कधी झालं नाही. बोलणंही तसं झालं नाही. लोकांना वाटायचं किती सुखाचा संसार आहे. होताच सुखाचा. पण आता या रिकाम्या दुपारी त्याला वाटत राहिलं, की सुख असताना जरा तोंडाने बोललो असतो तर काय बिघडलं असतं, निदान उत्तरादाखल तिने काही म्हटलं असतं, आणि तेवढं तरी कानात राहिलं असतं.

खरं म्हणजे पहिल्यांदा त्याला ती दिसली तीही पाठमोरीच. तेव्हा तो बीए होऊन हिंडत होता आणि सगळे म्हणत, मराठी टायपिंगची परीक्षा दे, कुठे ना कुठे चिकटशील. रेलटोलीतल्या एका माडीवर ईश्वरदास सरांची टायपिंग इन्स्टिट्यूट होती. जिना चढायच्या आधीच मशीनचा कडकडाट ऐकू यायचा. सर मशीनच्या किल्ल्यांवर काळी चिकटपट्टी लावायचे, अक्षर दिसता कामा नये. "डोळे कागदावर, बोटं आपल्या घरी," म्हणायचे, आणि मधल्या ओळीतली अक्षरं घोटून घ्यायचे: कर, सर, कार, सारस. त्यांचा दुसरा एक नियम होता. काम सुरू करण्याआधी एक ओळ आपल्या मनाची टाइप करायची, काहीही, जे मनात असेल ते, म्हणजे हात मोकळा होतो. हात मोकळा केल्याशिवाय चांगला कागद लावायचा नाही. भोजराजला मनाची ओळ कधी सुचायची नाही. तो आपला रोज सर सरस कार, सर सरस कार करत राहायचा. पुढच्या मशीनवर बसणारी केशोरीकडची मुलगी मात्र बसली की फडफड एक ओळ टाइप करायची, वाचायची, स्वतःशीच मान हलवायची आणि कागद चुरगाळून टोपलीत टाकायची. एकदा ती गेल्यावर त्याने टोपलीत हात घातला होता. कागदावर होतं, मागचा पोरगा लय हळू टाइप करते. त्या ओळीपायी तो पुढे परीक्षेला बसला, नापास झाला, आणि तिच्या घरी मागणी घातली. ती पास झाली होती. पुढे मशीन गेलं, कॉम्प्युटर आला, दारावर पाटी लागली, रंजिता टायपिंग आणि जॉब वर्क. तो पार्सल ऑफिसात चिकटला आणि टायपिंग विसरला.

ठरल्या दिवशी तो दुकानात गेला तर गुड्डूने स्टूल पुढे सरकवलं, तेव्हाच त्याला काय ते कळलं. "अंकल, वीडियो मिला है, पर नहीं मिला जैसा," गुड्डू म्हणाला. मोठी फाइल डिस्कवर तुकड्यातुकड्यांनी विखुरलेली असते, मधले तुकडे खराब झाले, काही केल्या चालत नाही, असं त्याने दोनदा समजावून सांगितलं. एक चित्र तेवढं थिजून आलं होतं. वरच्या अर्ध्या भागात दरेकशाचा डोंगर आणि स्टेशनचं छप्पर, खाली सगळं राखाडी. मधल्या पट्टीत एक हात, ऊन अडवायला कपाळाशी धरलेला, हिरव्या बांगड्यांचा. तोंड राखाडीत गेलं होतं. "आवाज?" भोजराजने विचारलं. गुड्डूने मान हलवली. बाहेर कुणीतरी मोटरसायकलला किक मारत होतं, ती लागत नव्हती, मारतच होतं. त्याला वाटलं, उठावं आणि त्या माणसाला सांगावं, बस झालं आता. रंजिता फेब्रुवारीत गेली, हे त्याला माहीत होतं. पण ती अजून थोडी जायची राहिली होती आणि ती आज, या स्टुलावर बसल्या बसल्या गेली, असं काहीतरी त्याला झालं.

गुड्डू मात्र पुढचं दाखवायच्या घाईत होता. "छोटी-छोटी फाइल बहुत निकली. पर सब कचरा है. देखो." त्याने एक उघडली. पडद्यावर इंग्रजी अक्षरांचा नुसता चिवडा, मधे मधे चिन्हं, शब्द म्हणावा असा एक नाही. दुसरी उघडली, तीच गत. "वायरस खा गया. जगह भर रहा है फालतू, उड़ा दूँ?" त्याचं बोट किल्लीवर गेलंही होतं, तेवढ्यात तो थांबला आणि हसला. "एक मजे की बात है. कचरा है, पर हर कचरे के ऊपर एक ही चीज लिखी है. ये देखो. डीके. इसमें भी डीके. इसमें भी. ये डीके कौन है अंकल?"

भोजराज वाकला. खरंच, प्रत्येक पानाच्या डोक्यावर पहिली ओळ वेगळी होती, आखूड, आणि तिची सुरुवात दर वेळी एकच: डी, के. मग थोडी जागा. मग टी, एच. पुढचा चिवडा निरनिराळा. "पार्टी का नाम होगा," गुड्डू म्हणाला. "या जिसका काम था उसका. तो उड़ा दूँ?"

"नाही," भोजराज म्हणाला. आवाज त्याच्या अपेक्षेपेक्षा मोठा निघाला. "राहू द्या. सगळं पेन ड्राइव्हमध्ये भरून द्या. आन हे जे डीके-डीके आहे ना, त्यातले थोडे कागदावर काढून द्या मले." गुड्डूने खांदे उडवले आणि प्रिंटर सुरू केला.

डी. के. कोण, हे भोजराजला विचारायची गरज नव्हती. कोर्टाच्या बाजूला ज्यांचं टेबल होतं ते दुलीचंद कटरे वकील. रंजिताकडे सर्वांत जास्त काम त्यांचं. मसुदा घेऊन स्वतः यायचे, पुढच्या खोलीत बसायचे, ती टाइप करायची आणि ते सांगत राहायचे, आणि अधूनमधून ती हसायची. त्या हसण्याचा आवाज, पाहा, आता त्याला आठवला; हसणं आठवलं आणि बोलणं नाही, हा काय न्याय झाला? ती गेल्यानंतरच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमात सगळ्यांदेखत कटरे वकील रडले होते. तो स्वतः रडला नव्हता. त्याला रडू येईना म्हणून तो खुर्च्या मोजत उभा राहिला होता. बगलेत कागदांची सुरळी घेऊन तो चालत निघाला, ऑटो केला नाही, आणि पाय जायचे तिकडेच गेले. वकील चहाच्या टपरीवर उभेच होते, काळा कोट हातावर.

"जयभीम, भोजराजभाऊ! किती दिवसानं. तब्येत उतरली न तुमची." ते मनापासून खूश झाले होते. "चाय घ्या. बाईच्या मागं टायपिंगचं लय वांधं झालं पाहा. आता पोट्टे मोबाइलमध्ये बोलून टाइप करून राहिले. 'अर्जदार'चं 'अर्धा दार' करून टाकते तो मोबाइल. बाईनं एक काना चुकवला नाही कदी."

भोजराजने चहाचा ग्लास धरला, प्यायला नाही. "वकीलसाहेब, तुमाले डी. के. म्हनते का कोनी?"

"कोर्टात सारेच म्हनते. डी. के. साहेब, डी. के. साहेब. काऊन जी?"

"काई नाई. सहज."

"बाई नाई म्हने कदी. बाई मले भाऊ म्हने," कटरे म्हणाले, आणि त्यांचे डोळे पुन्हा भरून आले. या माणसाला रडणं फार सोपं आहे, असं भोजराजच्या मनात आलं, आणि पाठोपाठ आलं की आपण किती वाईट झालो आहोत. त्याने चहा तसाच फळीवर ठेवला आणि निघाला. भाऊ म्हणे. तोंडाने भाऊ म्हणणारी बाई प्रत्येक कागदाच्या डोक्यावर त्या माणसाची अक्षरं कशाला लिहील, दुसऱ्यांच्या कागदांवर, कुणा शेतकऱ्याच्या अर्जावर, कुणा मास्तरच्या प्रबंधावर? साठी ओलांडल्यावर मत्सर वाटणं हा काय प्रकार आहे, हे त्याला कळेना. आणि वाटून घ्यायचा कुणाबद्दल, तर जी राहिलीच नाही तिच्याबद्दल. संध्याकाळी रश्मीला त्याने फोनवर सांगितलं, नाही निघाला व्हिडिओ. ती म्हणाली, "जाऊ द्या बाबा. तुम्ही जेवले का?" त्याला तिला विचारावंसं वाटलं, तुला तरी तुझ्या आईचा आवाज आठवतो का, पण ती नाही म्हणाली असती तर, म्हणून त्याने विचारलं नाही. दिवा न लावता तो पलंगावर बसून राहिला. खिडकीतून मिलमध्ये उकडत असलेल्या उसन्या तांदळाचा वाफाळलेला वास येत होता, नेहमीचा, आणि खुर्ची समोर होती, पाठमोरी.

दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळेला त्याने ते कागद टेबलावर पसरले. फाडून टाकायचे असंच मनात होतं. फाडायच्या आधी एकदा नीट पाहावं म्हणून तो तिच्या खुर्चीत बसला आणि कीबोर्ड पुढे ओढला. कीबोर्डवरची बरीच अक्षरं झिजून गेली होती, तिच्या बोटांनी पुसलेली. डी तर पार गेला होता, केचा एक पाय उरला होता. ज्या किल्ल्यांवर अक्षर नसतं त्यांच्यापुढे बसायची त्याला एकेकाळी सवय होती. हात आपोआप वर आले आणि बोटं मधल्या ओळीवर आपापल्या घरी बसली, इतक्या वर्षांनी, काही न विचारता. डी पुसलेला होता तिथे डाव्या हाताचं मधलं बोट होतं. के होता तिथे उजव्या हाताचं मधलं. दोन्ही मधली बोटं. ईश्वरदास सरांचा पहिला धडा. डावं दाबलं की क, उजवं दाबलं की काना.

का.

त्याने हात एकदम उचलले, जणू किल्ल्या तापल्या होत्या. मग पुन्हा ठेवले. त्या जुन्या मशीनवरचीच अक्षरं कॉम्प्युटरात त्याच जागी बसवलेली होती, रंजिता एकदा म्हणाली होती, मले नवीन काई शिकावं लागलं नाई. तो पेपर वाचत होता. गुड्डूच्या दुकानात तो मराठी फॉन्ट नव्हता, म्हणून मराठी अक्षरांच्या जागी किल्ल्यांवरची इंग्रजी उमटली होती, एवढंच. व्हायरस नव्हता, कचरा नव्हता, आणि डी. के. कोणी नव्हता. पुढे टी. डाव्या हाताची तर्जनी वरच्या ओळीत: ज. मग एच, उजवी तर्जनी थोडी आत: दुसरी वेलांटी. जी. का जी. तो मोठ्याने म्हणाला, "का जी," आणि रिकाम्या खोलीत ते फार मोठं वाटलं. पुढे पी, के आणि अर्धविराम. उजव्या करंगळीने वर च, मधलं बोट काना, करंगळी परत घरी य. चाय. एक एक अक्षर बोटांनी चाचपत तो पुढे गेला, तेव्हा हळू होता तेवढाच आताही हळू. का जी, चाय मांडू का?

दुसरा कागद. खाली कुणा दुधराम नावाच्या माणसाचा घरकुलाचा अर्ज होता, आणि वर, का जी, आज लय राख पडून राहिली. तिसरा: का जी, डब्बा विसरले न तुमी. चौथा: का जी, रश्मीचा पेपर बरा गेला म्हने. हात मोकळा करण्याच्या ओळी होत्या त्या. तो ड्युटीवर गेला की ती या खुर्चीत बसायची, एक ओळ टाइप करायची आणि कागद छापायच्या आधी पुसून टाकायची. कॉम्प्युटर मधेच आपली एक प्रत ठेवून घेतो, त्या प्रतींत त्या राहून गेल्या होत्या. लोकांच्या कामाच्या डोक्यावर ती त्याच्याशी बोलत होती, तो पार्सल ऑफिसात दुसऱ्यांच्या पेट्यांवर शिक्के मारत असताना. आणि तो घरी आला की गप्प. तिला वाटायचं, हे बोलत नाही. त्याला वाटायचं, ही कामात आहे. का जी, लाइट जाते वाटते. का जी, जमुनाबाईनं वांगे देल्ले, भरून करू का. तो प्रत्येक ओळ बोटांनी वाचायचा आणि मग तोंडाने म्हणायचा, आणि म्हणता म्हणता, कुठल्या कागदावर ते त्याला सांगता येणार नाही, तोंडातला आवाज त्याचा राहिला नाही. थोडा बसका, "जी" वर जरा लांबणारा, शेवटी वर चढून तिथेच थांबणारा, उत्तराची वाट पाहणारा. हा तिचा. हाच. त्याला रडू फुटलं, अगदी लहान मुलासारखं, आणि मोजायला या वेळी खुर्च्या नव्हत्या.

एक कागद खाली राहिला होता. कुणाच्या तरी जागेच्या वादाचं प्रतिज्ञापत्र, आणि वर, का जी, काई तं बोला.

त्याने नाक पुसलं. पहिला कागद पुन्हा वर घेतला, चाय मांडू का वाला, आणि पडद्याला टेकवून उभा केला. पाठ सरळ केली, डोळे कागदावर, बोटं घरी. डावं मधलं बोट वर: म. उजवं मधलं जागेवर: काना. डावी करंगळी जागेवर: अनुस्वार. मग डाव्या करंगळीनेच शिफ्ट धरून उजवी तर्जनी खाली: ड. तार टेबलाखाली तशीच लोंबत होती आणि समोरचा पडदा काळाच होता. त्याने पुन्हा एकदा टाइप केलं, या वेळी थोडं भरभर, आणि टाइप करता करता तोंडानेही म्हणाला.

"मांड."